जुनी मोटार धुराच्या परीक्षेंत कां नापास होते ?

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा धूर ठराविक मुदतीनें तपासून घेतला पाहिजे, असा आपल्या देशांत नियम आहे. या पी. यू. सी. तपासणींत जुनी गाडी नापास झाली, म्हणजे कारागीर सांगेल तो भाग बदलावयाचा व पुन्हां परीक्षेस बसावयाचें, अशी बहुतेकांची रीत दिसते. हातीं आलेल्या चिठ्ठीवरील आंकडे मात्र कोणी वाचीत नाहीं. आमच्या मतें रोगाचें निदान पुष्कळसें त्या आंकड्यांतच असतें.

एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली, तर कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. म्हणूनच डोळ्यांस धूर दिसत नसतांही गाडी नापास होऊं शकते. उलट ठिणगी नीट पडली नाहीं, तर पेट्रोल न जळतांच बाहेर पडतें. तीं हायड्रोकार्बनें होत. यंत्र हीं दोन्हीं निरनिराळीं मोजतें. भारत स्टेज २ च्या पूर्वीच्या चारचाकीस, इंजिन मंद चालत असतां, मोनॉक्साइड ३ टक्के व हायड्रोकार्बनें दहा लक्ष भागांत १५०० भाग येथपर्यंत माफ आहेत. भारत स्टेज ४ च्या गाडीस ०.३ टक्के व २०० भागच. गणितांत नापास झालेल्या मुलास कोणत्या विषयाची शिकवणी लावावी, हें सांगावें लागत नाहीं. येथेंही तसेंच आहे.

कार्ब्युरेटरची गाडी घेऊं. १९८३ सालीं निघालेली मारुती ८०० आरंभीं तशीच होती. मोनॉक्साइड एकटाच चढला असेल, तर मिश्रणांत पेट्रोल जास्त होत आहे. एअर फिल्टर धुळीनें भरला आहे काय ? चोक अडकून राहिला आहे काय ? कार्ब्युरेटरमधील फ्लोट भोंक पडून बुडाला, तर पेट्रोल वाहतच राहतें. हें सर्व पाहिल्यावरच मिश्रणाच्या स्क्रूस हात लावावा. कित्येक कारागीर आधीं स्क्रूच पिळतात. चिठ्ठी मिळते, पण पुढच्या सिग्नलपाशीं इंजिन बंद पडूं लागतें!

हायड्रोकार्बनें एकटींच चढलीं, तर प्लग, त्यांच्या तारा व डिस्ट्रिब्युटरचें झांकण पाहावें. व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली असली, तरी जादा हवा शिरून मिश्रण इतकें पातळ होतें कीं ठिणगी पडूनही तें पेटत नाहीं.

दोन्ही आंकडे चढले कीं नंतरच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याचा महाग सल्ला मिळतो. पण तो बराच तापल्यावांचून काम करीत नाहीं. थंड गाडी तपासणीस नेली, तर दोष त्याचा नव्हे. शिवाय तो सहसा आपोआप मरत नाहीं. न जळलेलें पेट्रोल त्यांत जाऊन पेटतें व आंतील पोळ्यासारखी जाळी वितळते. मूळ दोष तसाच राहिला, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेनें जातो.

कधीं ऑक्सिजन सेन्सर फसतो. त्याच्या अलीकडे एक्झॉस्टच्या नळीस बारीक फूट असली, तर बाहेरची हवा आंत ओढली जाते. सेन्सरला पेट्रोल कमी आहे असें भासतें आणि संगणक आणखी पेट्रोल सोडतो. थंड इंजिन चालूं करून नळीच्या तोंडाशीं जाड फडकें क्षणभर धरलें, कीं फुटीपाशीं फसफस ऐकूं येते. हा प्रयोग उघड्यावर व जाणत्या माणसानेंच करावा. बंद गॅरेजमध्यें चालूं ठेवलेल्या इंजिनाचा तो बिनवासाचा वायु माणसाचा प्राण घेतो.