थुंकू नका म्हणणारी वीट

कॅन्सस हे अमेरिकेच्या मध्यावरचे गव्हाचे राज्य. तिथल्या जुन्या घराच्या परसात वाफे खणताना कुदळ टणकन वाजावी आणि मातीतून एक वीट वर यावी. धुतल्यावर तिच्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरे दिसावीत: ‘डोन्ट स्पिट ऑन साइडवॉक’. पदपथावर थुंकू नका! अशा विटांचे करायचे काय, हे ठरवण्याआधी त्या कशासाठी घडल्या ते पाहायला हवे.

त्यांच्यामागे सॅम्युअल क्रम्बाइन हा डॉक्टर होता. १९०४ ते १९२३ या काळात तो कॅन्ससच्या राज्य आरोग्य मंडळाचा सचिव होता. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता. तरी वाटेल तिथे थुंकणे हा पुरुषांना आपला हक्कच वाटे. वाळलेल्या थुंकीची धूळ उडते, स्त्रियांच्या लोळत्या झग्यांना लागून घरात येते, ही त्या काळच्या डॉक्टरांची भीती. आगगाडीतला सर्वांनी मिळून तोंडाला लावायचा पाण्याचा पेला १९०९ मध्ये क्रम्बाइनच्या प्रयत्नांनी बंद झाला. थुंकणाऱ्यांसाठी त्याने वीट बनवणाऱ्यांना गाठले आणि विटेवरच सूचना उमटवून घेतली. मला यातली युक्ती फार आवडते. थुंकणारा भिंतीवरची पाटी कशाला वाचेल? तो खाली बघतो. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यांत देवादिकांच्या चित्रांच्या फरशा लावतात. तिथे धाक देवाचा. क्रम्बाइनची वीट सरळ माणसाशी बोलते. क्षय मुख्यतः खोकल्यातून हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म तुषारांमधून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले, म्हणजे विटेवरचे शास्त्र अपुरे होते. म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

पदपथावरची वीट परसात जमिनीखाली कशी गेली? काँक्रीट आले, विटा निघाल्या, आणि निघालेली चांगली वीट कोण टाकून देतो? ती बागेतल्या वाटेला लागली. नंतरचे काम गांडुळांचे. ही थट्टा नव्हे. डार्विनच्या बागेत १८४३ मध्ये फरसबंद केलेली एक वाट होती. झाडणे बंद झाल्यावर ती दिसेनाशी झाली. १८७७ मध्ये वरचे गवत काढले, तेव्हा सगळे दगड जागच्या जागी, इंचभर मऊ मातीखाली मिळाले. गांडुळांवरच्या १८८१ च्या पुस्तकात त्याने हे नोंदवले आहे. तेव्हा एक वीट लागली की घाईने उपसू नये. आजूबाजूला हळूच खरवडून पाहावे. आख्खी वाटच खाली असेल, तर नुसती माती काढली की काम झाले.

उचलावीच लागली, तर आधी छायाचित्र घ्यावे. रस्त्याची वीट घराच्या विटेहून वेगळी. ती इतकी भाजत की मातीचे कण वितळून एकजीव होत. अशी वीट पाणी फारसे पीत नाही. कॅन्ससच्या हिवाळ्यात हाच गुण कामाचा, कारण आत मुरलेले पाणी गोठून फुगले की विटेचे पापुद्रे सुटतात. परीक्षा घरी होते. कोरडी वीट तोलावी, दिवसभर पाण्यात बुडवावी, पुसून पुन्हा तोलावी. वजन शेकडा ८ पेक्षा जास्त वाढले, तर ती उघड्यावर घालू नये. साफ करायला पाणी आणि साधा ब्रश पुरे. आम्ल किंवा तारेचा ब्रश लावला की अक्षरांच्या कडा जातात. खाली दाबलेली खडी, वर वाळू, फटींतही वाळूच. सिमेंटात बसवलेली वीट पुढच्या माणसाला फोडल्याशिवाय काढता येत नाही.

मग अक्षरे वर की खाली? झिजतील म्हणून वीट उलटी घालावी किंवा शोभेच्या कपाटात ठेवावी, असे कुणालाही वाटेल. सर्वांत ठळक एखादी घरात ठेवावी, हरकत नाही. बाकीच्यांची अक्षरे वरच असावीत. भिंतीत चिणलेली ही वीट चुकीच्या जागी बोलते. वाटेच्या कडेला, जिथे पाऊल कमी पडते तिथे त्या बसवाव्यात, फाटकातून आत येणाऱ्याला सुलट वाचता येतील अशा.