राखाडी इमारतीचं काय करायचं?

पावसाळ्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लेक्चर असलं की बसायच्या जागा ठरलेल्या. खिडकीकडचे दोन बाक रिकामे सोडायचे, कारण तिथे वरून टपटप सुरू असते. भिंतींना ना प्लास्टर, ना रंग. शटरिंगच्या फळ्यांच्या रेषासुद्धा काँक्रीटवर तशाच उमटलेल्या. आमच्या बॅचनं तिचं नाव ठेवलंय 'जेल'! त्यामुळे ती पाडून काचेची नवी इमारत होणार, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा कट्ट्यावर सगळे खूश. मीही.

त्याच रात्री फोनची गॅलरी चाळत होते. फर्स्ट इयरपासूनच्या जवळपास प्रत्येक ग्रुप फोटोत मागे तीच राखाडी भिंत. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, अरे, ही गेली तर?

'ब्रुटल' म्हणजे क्रूर नव्हे

आर्किटेक्चर शिकणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं, की या शैलीला ब्रुटॅलिझम म्हणतात. हे नाव आलं फ्रेंच 'बेताँ ब्रूत'वरून, म्हणजे न झाकलेलं, कच्चं काँक्रीट. दुसऱ्या महायुद्धानंतर ल कॉर्बुझिए यांनी ते गाजवलं. नव्यानं स्वतंत्र झालेल्या आपल्या देशाला तेव्हा भरपूर बांधायचं होतं आणि पैसा बेताचा होता. जे आहे ते उघड दाखवणारी ही पद्धत कॅम्पसवर चांगलीच रुजली.

यात एक मराठी नाव मोठं आहे, अच्युत कानविंदे. कोकणातल्या आचऱ्यात 1916 साली जन्म, मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि मग हार्वर्डमध्ये शिक्षण. आयआयटी कानपूरचा कॅम्पस त्यांचाच. शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही त्यांचंच. आपण तिथे प्रयोग पाहिले, इमारतीकडे कोण बघतंय!

अहमदाबादमध्ये काय झालं?

'पाडायचं की ठेवायचं' हा वाद सर्वांत जोरात झाला तो आयआयएम अहमदाबादमध्ये. लुई कान यांनी आखलेला तो कॅम्पस काँक्रीटपेक्षा उघड्या विटांसाठी ओळखला जातो, पण प्रश्न तोच. कान यांना तिथे आणणारे बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे. 1974 मध्ये कान गेल्यावर पुढचं काम सांभाळलं अनंत राजे यांनी.

डिसेंबर 2020 मध्ये संस्थेनं 18 पैकी 14 वसतिगृहं पाडून नवी बांधायचं ठरवलं. जगभरातून निषेध झाला, आर्किटेक्ट मंडळींनी याचिका काढल्या. 1 जानेवारी 2021 रोजी संस्थेनं तो प्रस्ताव मागे घेतला. पण नोव्हेंबर 2022 मध्ये पुन्हा पुनर्बांधणीचाच निर्णय जाहीर झाला.

मला यात दोन्ही बाजू पटतात, आणि हीच अडचण आहे. छताचे तुकडे पडतात, भिंती गळतात, 2001 च्या भूकंपात तडे गेले, असं संस्थेचं म्हणणं. रात्री त्या छताखाली झोपणाऱ्या मुलाला 'ही जागतिक कलाकृती आहे' हे कोण सांगणार? पण त्याच कॅम्पसवरच्या वाचनालयाची दुरुस्ती ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेनं केली आणि 2019 मध्ये त्याला युनेस्कोचा वारसा पुरस्कारही मिळाला. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

ना जुनी, ना नवी

दिल्लीच्या प्रगती मैदानातल्या 'हॉल ऑफ नेशन्स'ला तेवढीही संधी मिळाली नाही. राज रेवाल यांची 1972 ची ती काँक्रीटची इमारत एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत पाडली. वारसा समितीचा निकष होता 60 वर्षांचा, इमारतीचं वय होतं 45!

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सरकारवाड्याचा काळा दगड पाहिला की आपल्याला लगेच इतिहास आठवतो. सिमेंट पाहिलं की आठवते ती फक्त गळती. आणि जुन्या नाशकात दर पावसाळ्यात वाडे कोसळतात, तेव्हा नुसत्या आठवणींनी छप्पर टिकत नाही, हेही आपण बघतोच.

काँक्रीट गळतं तेव्हा पाणी आतल्या सळईपर्यंत पोचतं. सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. हे काही एका पावसाळ्यात होत नाही, त्याला वर्षं लागतात. आमच्या शिपाईमामांनी मला गच्चीवर नेलं. पाणी जायचं तोंड पालापाचोळ्यानं बुजलेलं, कठड्यातून पिंपळ उगवलेला. मामा म्हणाले, पूर्वी मे महिन्यात गच्ची साफ व्हायची, मग ते बंद पडलं.

म्हणजे 'इमारत म्हातारी झाली' असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. नवी काचेची आली तरी तिची गच्ची कोण साफ करणार?

माझं मत अजून पक्कं नाही. तपासणीत ती धोकादायक निघाली तर पाडावी, मी आडवी येणार नाही. फक्त आधी तपासणी व्हावी, तिचा अहवाल आम्हा मुलांनाही दाखवावा आणि दुरुस्तीचा खर्च किती हेही सांगावं. तिथे रोज बसणाऱ्यांना एवढं विचारायचा हक्क आहे.

तोवर खिडकीकडचे दोन बाक रिकामेच आहेत. परवा मी मात्र त्या भिंतीचा एक फोटो काढला. पहिल्यांदाच, समोर कुणी उभं नसताना.