यॉर्कचे पत्र : नोकरीतली उमेदवारी

यॉर्क, इंग्लंड

आपल्याकडे अप्रेंटिस म्हटले की आयटीआयमधून नुकताच बाहेर पडून कारखान्यात विद्यावेतनावर लागलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडमध्ये चाळिशी गाठलेली, दोन मुलांची आई असलेली आणि हॉटेलात सहा-सात जणांकडून काम करून घेणारी बाईसुद्धा अप्रेंटिस असू शकते. वयाला वरची मर्यादा नाही. आधीची पदवीही आड येत नाही, फक्त शिकण्याजोगे पुरेसे नवे काही असावे लागते. मी इथल्या एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये सुपरवायझर आहे आणि तीच नोकरी करता करता ‘हॉस्पिटॅलिटी सुपरवायझर’ ही लेव्हल तीनची अप्रेंटिसशिप करते आहे. लेव्हल तीन म्हणजे इथल्या ए लेव्हलच्या, साधारण आपल्या बारावीच्या तोलाची.

या गावाला उमेदवारी नवी नाही. व्यापाऱ्यांच्या संघाने १३५७ साली बांधायला घेतलेले लाकडी तुळयांचे सभागृह इथे अजून उभे आहे, आणि आता तिथे लग्नेही लागतात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५६३ च्या कायद्याने, सात वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कोणालाही धंदा थाटता येणार नाही असे ठरले. ते कलम १८१४ मध्ये रद्द झाले. पण काम शिकायचे ते कामावरच, हा विचार इंग्रजांनी कधी पुरता सोडला नाही.

सध्याची व्यवस्था २०१७ पासूनची. ज्यांचा वर्षाचा पगारखर्च तीस लाख पौंडांच्या वर जातो, त्या मालकांना त्या वरच्या रकमेवर अर्धा टक्का पट्टी भरावी लागते. तो पैसा प्रशिक्षण आणि परीक्षा यांवरच खर्च करता येतो, पगारावर नाही. लहान हॉटेलांचा बहुतेक भार सरकार उचलते, मालकाने सहसा पाच टक्के घालायचे. शिकणाऱ्याने एक पेनीही द्यायची नाही. विद्यापीठाच्या फीपायी कर्जबाजारी होणाऱ्या मुलांच्या देशात ही फार मोठी गोष्ट आहे.

त्याहून मोठी गोष्ट वेळेची. शिकण्याचा वेळ हा पगारी कामाचाच वेळ, असे नियम सांगतो. मी नाव घातले तेव्हा आठवड्याला सरासरी सहा तास असा हिशेब होता. ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमाचे एकूण तास ठरवून दिले आहेत. हे तास ड्यूटीच्या वेळेतच मिळायला हवेत, आणि बाहेर गेले तर त्यांची भरपाई द्यायला हवी.

कागदावरचे हे तास प्रत्यक्षात कुठे जातात ते सुपरवायझरइतके कोणाला कळत नाही, कारण रोटा, म्हणजे ड्यूट्यांचे वेळापत्रक, तीच लिहिते. बुधवारी दुपारी दोन ते पाच अशी माझ्या नावापुढे ‘अभ्यास’ची चौकट असते. सकाळी साडेसहाला एका वेटरचा फोन येतो की ताप आहे. न्याहारीला हॉल भरलेला, दुपारी कुठल्याशा कंपनीची बैठक. माणूस कुठून काढायचा? रोट्यावर एकच चौकट अशी असते की ती खोडली तर पाहुण्याला कळत नाही, मॅनेजरला खटकत नाही आणि हाताखालचे कोणी कुरकुरतही नाही. ऑगस्टमध्ये घोड्यांच्या शर्यती, डिसेंबरात नाताळचा बाजार. त्या आठवड्यांत यॉर्कमध्ये खोली मिळत नाही आणि सुपरवायझरला अभ्यास मिळत नाही. मग रात्री घरी मुले झोपल्यावर लॅपटॉप उघडायचा आणि लॉगबुकात तास भरायचे. माझ्या मते या योजनेचे खरे दुखणे हेच आहे. पैशाची तरतूद आहे, बदली माणसाची नाही. दर तीन महिन्यांनी मॅनेजर, शिकवणाऱ्या संस्थेचा कोच आणि मी असे तिघे आढाव्याला बसतो. तिथे मी आता खोडलेल्या चौकटींचा रोटाच पुढे ठेवते. त्यानंतर तास परत मिळू लागले.

शिकायला काय मिळते, असे कोणी विचारले तर मी अॅलर्जीचे उदाहरण देते. मी आधीही पाहुण्यांना विचारत होते, पण का विचारायचे ते नीट ठाऊक नव्हते. इथल्या कायद्यात चौदा पदार्थांची यादी आहे आणि ते अन्नात असतील तर सांगणे बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, मोहरीही आहे. आपली फोडणी आणि चटणी ज्यांवर उभी, ते तीन जिन्नस इथे एखाद्याच्या जिवावर बेतू शकतात. २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी विकतच्या सँडविचमुळे गेली. पावाच्या पिठातच तीळ होते आणि वेष्टनावर तसे लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या अशा पदार्थांवर सगळे घटक छापणे सक्तीचे झाले. हे शिकल्यापासून मी नव्या मुलांना यादी पाठ करायला लावत नाही. स्वयंपाकघरात नेऊन बरण्या दाखवते, तिळाचा चमचा दुसऱ्या बरणीत गेला तर काय होईल ते विचारते, आणि खात्री नसेल तर ‘चालेल बहुतेक’ असे पाहुण्याला कधीही म्हणायचे नाही, हे पुन्हा पुन्हा सांगते.

बाकी अभ्यासात माणसे सांभाळणे, खर्चाचा मेळ आणि दारूविक्रीचे नियम येतात. शेवटची परीक्षा मालकही घेत नाही आणि शिकवणारी संस्थाही नाही. तिसरीच स्वतंत्र संस्था घेते. लेखी चाचणी, चालू शिफ्टमध्ये निरीक्षण, आपल्याच हॉटेलातल्या एखाद्या अडचणीवरचा प्रकल्प आणि शेवटी चर्चा. माझा प्रकल्प न्याहारीच्या बुफेतून वाया जाणाऱ्या अन्नाचा आहे. भांडी घासणाऱ्या पोरांनी उरलेसुरले वजन करून लिहून ठेवले, आणि सर्वांत जास्त टाकले जाते ते टोस्ट आणि अंडी, हे त्यांनीच मला दाखवून दिले. आता नऊनंतर अंडी मागणीप्रमाणे करतो.

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे इथे आलेली आणि हाताला लागेल ते काम म्हणून हॉटेलात शिरलेली मराठी माणसे मला वरचेवर भेटतात. पुण्या-मुंबईची पदवी कपाटात आणि हातात ट्रे, याचे त्यांना वाईट वाटत असते. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की ही वाट पाहून ठेवा. विद्यार्थी व्हिसावर असाल तर ती बंद आहे. इतरांना साधारणपणे या देशात सलग तीन वर्षांचे वास्तव्य लागते. सही करण्याआधी पगार लेखी घ्या. एप्रिल २०२५ मध्ये एकवीस वर्षांवरच्या कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते, तर अप्रेंटिसचे फक्त ७.५५, आणि वय कितीही असो, पहिल्या वर्षी हा खालचा दर लावणे कायद्यात बसते. आहे तो पगार कायम राहील असे करारात लिहून घ्या. शिकण्याचे तास कोणत्या वारी आणि किती वाजता, हेही त्याच करारात लिहून घ्या.