घरोघरी नवजात बाळसेवा

घरोघरी नवजात बाळसेवा ही नवजात अर्भकांची तपासणी व उपचार घरीच करण्यासाठी गावातील स्त्रियांना प्रशिक्षित करण्याची पद्धती आहे. गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती विकसित केली.

पार्श्वभूमी

या पद्धतीची पायाभरणी १९८८ साली सुरू झालेल्या बालन्यूमोनियाच्या प्रयोगात झाली. न्यूमोनियाची मुख्य खूण म्हणजे वाढलेला श्वासाचा वेग. परंतु निरक्षर दाईने मिनिटभरात पन्नास-साठ श्वास मोजावेत कसे, हा प्रश्न होता. त्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेला श्वासमापक तयार करण्यात आला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून कोट्रायमोक्साझोल द्यायचे. आरोग्य कार्यकर्ते व दायांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते.

नवजात अर्भकांचे प्रशिक्षण

नवजात बाळातील जंतुदोष ओळखणे याहून अवघड असते. ताप किंवा खोकला नसतानाही बाळ दगावू शकते. म्हणून १९९५ पासून ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना बाळातील बदल टिपण्यास शिकविण्यात आले: नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे मंदावणे, दूध ओढणे कमी होणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार लागणे, पोट फुगणे. ठरवून दिलेल्या लक्षणांपैकी दोन एकाच वेळी आढळल्यास जंतुदोषाचे निदान केले जाई. प्रथम रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई. पालकांनी नकार दिल्यास त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन दिले जाई. अर्भकाला इंजेक्शन देण्याचे काम डॉक्टर वा परिचारिकेव्यतिरिक्त कोणाकडे सोपविणे, हा या प्रयोगाचा सर्वांत धाडसी भाग होता. जंतुदोष झालेल्या बाळांमधील मृत्युप्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.

राष्ट्रीय कार्यक्रम

भारत सरकारने २०११ मध्ये ही पद्धती आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशा ४२ दिवसांत सहा भेटी देते, वजन व तापमान घेते आणि धोक्याची लक्षणे दिसल्यास बाळाला पुढे पाठविते. इंजेक्शन देण्याचे काम मात्र तिच्याकडे नाही. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत ती परवानगी सहायक परिचारिका प्रसाविकेस दिली. त्यामुळे मूळ प्रयोगाचे आकडे राष्ट्रीय कार्यक्रमाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.