डिस्कस माशाच्या टाकीचा तळ कसा असावा?

गोठा बांधताना जाणता शेतकरी प्रथम जमिनीचा विचार करतो. शेण-मूत्र तीत मुरू नये, झाडताना कोपऱ्यात घाण राहू नये आणि जनावराचा पाय घसरू नये, अशी जमीन तो करून घेतो. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यानेही टाकीच्या तळाबाबत हाच विचार करावयास हवा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनास स्थान मिळाल्यापासून या जोडधंद्याकडे ग्रामीण भागाचेही लक्ष वेधले आहे. डिस्कस हा अशा माशांपैकी किमती, परंतु नाजूक मासा होय. त्याच्या पिलांचा एक घाणा गेला तर कित्येक महिन्यांचे श्रम व भांडवल वाया जाते. अशा नुकसानीचे मूळ पुष्कळदा टाकीच्या तळाशीच असते.

माशाचे मूळ स्थान

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. ब्राझील, पेरू व कोलंबिया या देशांत तो आढळतो. १८४० साली हेकेल या शास्त्रज्ञाने त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. ताटलीसारखे चपटे व गोल अंग ही त्याची खूण. तेथील पाणी उबदार, मृदू व आम्लधर्मी असते आणि तळाशी बारीक वाळू, गाळ व पालापाचोळा असतो. तोंडाने पाण्याची फुंकर मारून तळ उडवावयाचा व खाली दडलेले किडे टिपावयाचे, ही या माशाची सवय आहे. म्हणजे वाळू त्याला परकी नाही. परंतु नदीचा विस्तार मोठा. तेथे घाण साचून राहत नाही. टाकीत ती जेथे पडते तेथेच कुजते.

घाणीपासून होणारा अपाय

डिस्कससाठी पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस इतके उबदार ठेवावे लागते. वाढत्या पिलांना दिवसातून पाच-सहा वेळा प्रथिनयुक्त खाद्य द्यावे लागते. उरलेले खाद्य व विष्ठा या उबेत लवकर कुजतात आणि त्यांतून अमोनिया निर्माण होतो. पाणी जितके विम्लधर्मी, तितका अमोनिया अधिक विषारी. सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. म्हणून तळाची निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. या तळावरची घाण दिसते व सहज काढता येते काय? आणि या तळामुळे पाण्याचा गुणधर्म बदलतो काय?

पिलांसाठी उघडा तळ

पैदाशीच्या व पिले वाढविण्याच्या टाकीत तळावर काहीही न पसरणे हेच उत्तम. डिस्कसची मादी उभ्या पृष्ठभागावर अंडी घालते. त्यासाठी टाकीत मातीचे उभे नळकांडे ठेवले की पुरते. वाळूची गरज नसते. अंडी सुमारे अडीच दिवसांत फुटतात व पुढील दोन-तीन दिवसांत पिले पोहू लागतात. मग ती आईबापांच्या अंगावरील चिकट स्राव खाऊन वाढतात. या काळात तळ स्वच्छ असणे फार अगत्याचे. काचेवर पडलेला खाद्याचा कण दिसतो व बारीक रबरी नळीने ओढून घेता येतो.

उघड्या तळाच्या दोन अडचणी लक्षात ठेवाव्यात. काचेत प्रतिबिंब पडल्याने मासे बिचकतात. यासाठी काचेला बाहेरून, खालच्या अंगास, फिका रंग द्यावा अथवा कागद लावावा. दुसरे असे की, अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणू वाळूच्या कणांवर वाढतात, ते येथे नसतात. म्हणून स्पंजाचे गाळणे अवश्य बसवावे. हे गाळणे क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्यात न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावे. अन्यथा जीवाणू मरतात.

मोठ्या माशांसाठी पातळ वाळू

वाढ पूर्ण झालेले मासे शोभेसाठी ठेवावयाचे असल्यास बारीक वाळू पसरण्यास हरकत नाही. कण अर्धा ते एक मिलिमीटरचा व कडा गुळगुळीत असाव्यात. अशा वाळूवर घाण वरच्या वर राहते. जाड खडी मात्र वापरू नये. खड्यांमधील फटींत खाद्य उतरते. ते ना माशाला मिळते, ना पाळणाऱ्याला दिसते.

थर अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीस इतक्या थरासाठी सुमारे २० किलो वाळू लागते. थर जाड झाला तर तळाशी प्राणवायू पोचत नाही, वाळू दलदलीतील चिखलाप्रमाणे काळी पडते व कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. वाळूचा रंग फिका असावा. गडद तळावर मासाही काळवंडतो.

वाळूची परीक्षा

जवळची वाळू फुकट मिळते म्हणून ती योग्यच असेल असे नाही. समुद्रकाठच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तर काळ्या जमिनीतून वाहणाऱ्या ओढ्या-नद्यांच्या वाळूत चुनखडीचे खडे सापडतात. हा चुना हळूहळू विरघळून पाणी जड व विम्लधर्मी करतो. गारगोटीची वाळू मात्र पाण्यात विरघळत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशा सिलिका वाळूचे साठे आहेत; पाणी गाळण्यासाठी विकली जाणारी धुतलेली वाळूही बहुधा याच जातीची असते.

परीक्षेसाठी चमचाभर कोरडी वाळू कुटून काचेच्या पेल्यात घ्यावी व तीवर व्हिनेगर ओतावे. बुडबुडे आले तर चुना आहे असे समजून ती वाळू टाकून द्यावी. बुडबुडे न आल्यास पावसाच्या पाण्यात आठवडाभर वाळू भिजत ठेवावी व आधीचा आणि नंतरचा सामू ताडून पाहावा. सामू चढला नाही तरच वाळू वापरावी.

वापर व निगा

निवडलेली वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. टाकी भरताना वाळूवर ताटली ठेवून तीवर पाणी सोडावे, म्हणजे थर विस्कटत नाही. पुढे रोज नळीचे तोंड वाळूच्या बोटभर वर धरून घाण ओढून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा वाळू हलक्या हाताने वरखाली करावी. काढलेल्या पाण्याऐवजी घालावयाचे पाणी तितक्याच उबेचे असावे.

नव्याने धंद्यात पडणाऱ्याने आरंभी उघड्या तळाचीच टाकी ठेवणे हितावह होय. तीत माशाने खाद्य किती खाल्ले, किती टाकले व विष्ठा कशी आहे, हे रोज डोळ्यांना दिसते. आणि मासा आजारी पडण्याची पहिली खूण बहुधा तेथेच सापडते. हात बसल्यावर शोभेच्या टाकीत वाळू घालावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी टाकी पाहावयास गेल्यावर माशांकडे पाहण्याआधी तळाकडे पाहावे व व्हिनेगरची परीक्षा मत्स्यपालकाच्या समोर करून दाखवावी.