संशोधन अनुदान आणि सामायिक आज्ञावली

शासकीय अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र ज्याने एकदा तरी भरले आहे, त्याला अनुदान मंजूर होण्यापूर्वी व खर्ची पडल्यानंतर कागदांचा केवढा प्रवास होतो, हे सांगावयास नको. अमेरिकेतील विद्यापीठीय संशोधकांचीही यातून सुटका झालेली नाही. तेथे २०१२ साली झालेल्या पाहणीत असे आढळले की, केंद्र शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांसाठी प्राध्यापक जो वेळ देतात, त्यापैकी सुमारे ४२ टक्के वेळ प्रत्यक्ष संशोधनात न जाता प्रशासकीय कामांत जातो.

प्रस्ताव तयार झाला की त्यावर विभागप्रमुख, अधिष्ठाता व संशोधन कार्यालय यांची संमती लागते. प्रयोग माणसांवर वा प्राण्यांवर होणार असल्यास संबंधित समितीची मान्यता आणि त्याखेरीज हितसंबंधांचे निवेदनही आवश्यक असते. अनुदान देणारे शासन एक, त्याचे मूळ नियमही बहुतांशी सारखे. असे असता प्रत्येक विद्यापीठाने स्वतंत्र आज्ञावली तयार करण्यावर पैसा का खर्च करावा, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने या कामासाठी 'कोयस' नावाची आज्ञावली तयार केली होती व ती इतर विद्यापीठांनाही उपलब्ध करून दिली होती. पुढे इंडियाना, कॉर्नेल आदी विद्यापीठांच्या सहभागाने 'कुआली' या सहकारी उपक्रमात तिची नव्याने बांधणी झाली. कुआली या मलाय शब्दाचा अर्थ कढई! स्वयंपाकघरातील साधे पण रोज लागणारे भांडे. नाव मोठे समर्पक म्हटले पाहिजे.

आज्ञावलीला परवाना शुल्क नव्हते, परंतु ती स्वीकारणे फुकट नव्हते. कोणाच्या सहीनंतर कोणाची सही, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळे असते. आपल्या प्रथेप्रमाणे आज्ञावलीत बदल करून घेणाऱ्यास नवी आवृत्ती आली की तेच बदल पुन्हा करावे व तपासावे लागतात. बदल टाळावयाचे, तर वर्षानुवर्षांची कार्यालयीन पद्धत सोडावी लागते, आणि हे काम संगणक विभागाच्या हाती नसते. त्याचा निर्णय कुलसचिव, लेखा विभाग व प्राध्यापक यांनी एकत्र बसूनच घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न देखभालीचा. सभासद विद्यापीठे पैसा व मनुष्यबळ पुरवीत होती, तरी काम अपेक्षित वेगाने होईना. अखेर २०१४ साली कुआली प्रतिष्ठानने आज्ञावलीच्या विकासासाठी नफा मिळविणारी कंपनी स्थापन करण्याचे जाहीर केले. सहकारावर उभारलेले काम कंपनीकडे जाणार, म्हणून तेथील विद्यापीठीय वर्तुळात बरीच चर्चा व नाराजी झाली. ती अकारण नव्हती. तथापि नित्य देखभालीचा भार कोणी उचलावयाचा, हे सभासदांनी आरंभीच ठरविले असते, तर कदाचित ही वेळ आली नसती. ही कंपनी आता ही सेवा इंटरनेटवरून शुल्क घेऊन पुरविते.