३२, ४८ आणि पुन्हा ३२: एन्समिंगरच्या खात्यात नक्की काय जमा?

लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे एलएसयूचा, २०१९चा अमेरिकन फुटबॉल संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला आणि राष्ट्रीय विजेता ठरला. एकूण ७२६ गुण, सामन्यामागे ४८.४. एवढं यश आलं की श्रेयाची वाटणी आलीच. २०२०च्या मोसमानंतर आक्रमणाचे प्रमुख, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, स्टीव्ह एन्समिंगर पायउतार झाले आणि चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हा माणूस नावापुरता होता. खरी करामत सहायक प्रशिक्षक जो ब्रेडीची. दुसरा तट एन्समिंगरांची बाजू जरा दबक्या आवाजात मांडतो, पण हिशेब मांडायला बसलं तर त्याचं पारडं अगदीच हलकं नाही.

गैरसमज: २०१९मध्ये आक्रमण ब्रेडीच्या हातात होतं

ब्रेडीचं पद वेगळं होतं. तो पासिंग गेमचा समन्वयक आणि रिसीव्हरांचा प्रशिक्षक. कोऑर्डिनेटर एन्समिंगरच होते आणि सामन्यात पुढची चाल कोणती, हे प्रामुख्याने तेच ठरवत.

हे काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही. दोन चालींच्या मध्ये घड्याळात ४० सेकंद. तेवढ्यात वरच्या खोलीतून मैदानाचा अंदाज घ्यायचा, चाल सांगायची, ती खाली बाजूरेषेवर पोहोचायची आणि तिथून हाताच्या खुणांनी क्वार्टरबॅकपर्यंत जायची. कारण कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटमधल्या रेडिओला परवानगी मिळाली ती थेट २०२४मध्ये. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात आणि तिसरा प्रयत्न म्हणजे कबड्डीतली ‘डू ऑर डाय’ चढाई. अशा प्रसंगी ब्रेडीचा सल्ला वजनदार असे, हे खरं. पण सल्ला देणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं.

मग ब्रेडीने काहीच केलं नाही का? केलं, भरपूर केलं. न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून तो २०१९च्या सुरुवातीला आला. पाच-पाच खेळाडू एकदम पाससाठी धावत सुटणार, बचावाला अख्खं मैदान झाकायला लावणार, ही मांडणी त्याने आणली. त्या वर्षी सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार त्याला मिळाला, तो काही उगाच नाही. मात्र पुरस्कारावर एकच नाव कोरलेलं असतं, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू झाला असावा.

गैरसमज: ब्रेडी येण्याआधी जो बरो सामान्य खेळाडू होता

२०१८मध्ये क्वार्टरबॅक बरोचे टचडाउन पास १६, २०१९मध्ये ६०. आकडे असे शेजारी ठेवले की जादूच वाटते. पण १ जानेवारी २०१९चा फिएस्टा बोल आठवा. लागोपाठ २५ सामने जिंकत आलेल्या यूसीएफला एलएसयूने ४०-३२ असं हरवलं. बरोने ३९४ यार्ड आणि चार टचडाउन पास टाकले. तेव्हा ब्रेडी एलएसयूत रुजूही झाला नव्हता. कोऑर्डिनेटर? एन्समिंगर.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ची सरासरी ३२.४ दिसते, पण ती फुगलेली आहे. टेक्सस ए अँड एमविरुद्ध सात जादा डाव झाले आणि एलएसयू ७४-७२ अशी हरली. त्या ७२पैकी ४१ गुण निर्धारित वेळेनंतरचे. ते वजा केले तर सरासरी २९च्या आसपास येते. त्याच मोसमात अलाबामाविरुद्ध घरच्या मैदानावर ०-२९. एन्समिंगरच्या चाहत्यांनी हा सामना सोयीस्करपणे विसरू नये. पुढच्या वर्षी त्याच अलाबामाला त्यांच्याच गावात जाऊन ४६-४१ने हरवलं, त्यात ब्रेडीच्या मांडणीचा वाटा मोठा होता.

आणि खेळाडूंचा? ७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन. शेवटची काही मिनिटं, एलएसयू ३७-३१ पुढे, तिसरा प्रयत्न आणि हवे होते १७ यार्ड. चाल ठरली, पण टेक्ससचे बचावपटू थेट बरोच्या अंगावर आले. तो पुढे सरकला, वाट काढली आणि चेंडू रिसीव्हर जस्टिन जेफरसनकडे फेकला. ६१ यार्ड, टचडाउन. यातलं किती कागदावरचं आणि किती बरोच्या पायांचं, हे कोण मोजणार?

गैरसमज: ब्रेडी गेला म्हणून २०२० बुडालं

हा सगळ्यात लाडका युक्तिवाद. अंतिम सामन्यानंतर आठवडाभरातच ब्रेडी कॅरोलायना पँथर्सकडे गेला आणि पुढच्या मोसमात एलएसयूचे पाच विजय, पाच पराभव. सरासरी ४८ वरून ३२ वर. झालं, निकाल लागला!

पण त्याच जानेवारीत बचावाचे प्रमुख डेव्ह अरांडाही बेलर विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. त्यांचं नाव या भांडणात क्वचितच निघतं. २०१९मध्ये एलएसयूने सामन्यामागे जेमतेम २२ गुण दिले होते, २०२०मध्ये ३४.९. पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने ६२३ यार्ड पास टाकले. एलएसयूच्या आक्रमणाने ३४ गुण केले आणि तरी संघ हरला. मिझुरीविरुद्ध ४१ गुण करूनही तेच झालं.

शिवाय माणसं होती कुठे? एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२०च्या ड्राफ्टमध्ये एलएसयूचे १४ खेळाडू निवडले गेले. बरो पहिल्या क्रमांकावर, जेफरसन आणि धावपटू क्लाइड एडवर्ड्स-हिलेर पहिल्याच फेरीत. आदल्या मोसमात वीस टचडाउन करणारा जमार चेस त्या वर्षी खेळलाच नाही. नवा क्वार्टरबॅक माइल्स ब्रेनन तीन सामन्यांनंतर जखमी, आणि उरलेला मोसम पहिल्या वर्षाच्या दोन पोरांवर. एवढं होऊनही सरासरी ३२ राहिली.

गैरसमज: पँथर्सने ब्रेडीला काढलं, म्हणजे तो फुगाच होता

हा उलट्या बाजूचा उतावळेपणा. डिसेंबर २०२१मध्ये त्याला काढलं, हे खरं. पण २०२४मध्ये तो बफेलो बिल्सचा कोऑर्डिनेटर असताना जोश ॲलन एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गैरसमज: एन्समिंगर नावालाच तिथे बसायचे

२८ डिसेंबर २०१९, अटलांटा, ओक्लाहोमाविरुद्धची उपान्त्य लढत. त्या सकाळी लुइझियानात एक छोटं विमान कोसळलं. एन्समिंगरांची सून अटलांटाला याच सामन्यासाठी निघाली होती. ती त्या अपघातात गेली. मुख्य प्रशिक्षक एड ओर्झेरॉन यांनी सामन्याआधी त्यांना ही बातमी सांगितली. तरी एन्समिंगर वरच्या खोलीत जाऊन बसले आणि चाली सांगत राहिले. मध्यंतराला एलएसयू ४९-१४ पुढे. बरोचे सात टचडाउन पास, त्यातले चार जेफरसनला, सगळे पूर्वार्धात. सामना ६३-२८.

माझ्या मते मांडणीचं श्रेय मोठ्या प्रमाणात ब्रेडीचं, ती सामन्यात चालवण्याचं एन्समिंगरांचं, आणि दोघांपेक्षा जास्त मैदानावरच्या अकरा जणांचं. २०२०चा दोष मात्र एन्समिंगरांच्या माथी मारणाऱ्यांनी आधी त्या मोसमात संघाने दिलेले ३४९ गुण समजावून सांगावेत.